दारातला दंगा

छोटं कुत्रं अंगावर उडालं की लोक त्याला उचलून घेतात. मोठं उडालं की लोक पडतात. कुत्र्यांबद्दलचे निम्मे सल्ले एवढा साधा फरक लक्षात न घेता दिले जातात, असं माझं मत आहे. आमच्याकडे दोन आहेत. भोपू लॅब्रॅडॉर, ३४ किलोचा. तारा जर्मन शेफर्ड, वजनाला थोडी कमी, पण उंचीला आणि आवाजाला जास्त. दोघांचं मिळून वजन माझ्यापेक्षा जास्त भरतं. संध्याकाळी फिरायला निघायची वेळ झाली की ते सगळं वजन एकाच वेळी, एकाच बोळकांडीतून, एकाच दरवाजाकडे सुटायचं. त्या बोळकांडीत चपलांचं कपाट आहे, आईची काठी आहे आणि बऱ्याचदा काठीसोबत आईही आहे.

नाशिकमध्ये आमच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून सहाच्या सुमारास चालत गेलात तर हा दंगा घराघरांतून ऐकू येतो. आधी किंचाळल्यासारखं भुंकणं, मग फरशीवरून नखं घसरल्याचा आवाज, मग कुणाचं तरी "थांब! अरे थांब ना! थांब म्हणते ना!" शेवटी फाटक उघडतं आणि एक माणूस कुत्र्यामागून ओढला जात बाहेर येतो. एक चप्पल पायात, दुसरी अर्धवट. पण चेहरा हसरा. शेजाऱ्यांना तो कौतुकाने सांगतो, "बाहेर म्हटलं की नुसता वेडा होतो हो हा!"

खरी गोम या कौतुकात आहे. पट्टा दिसताच कुत्र्याने घर डोक्यावर घ्यावं, ही हौस कुत्र्यापेक्षा माणसांची जास्त. दिवसभर ऑफिसात कुणी मान वर करून बघत नाही, घरी मुलं मोबाइलमध्ये. अशा वेळी आपण नुसती चप्पल घातली म्हणून कुणीतरी इतकं हरखतंय, हे कुणाला नको असतं? आमच्या आईला तर हा रोजचा कार्यक्रमच झाला होता. म्हणायची, "तुझे बाबा पहिला पगार घेऊन आले तेव्हा मीसुद्धा एवढी नाचले नव्हते गं." आणि लगेच भोपूला चिथवायची. "कुठे जायचंय? कुणाला जायचंय? कोण जाणार भुर्र?" दर प्रश्नाला आवाज एक पट्टी वर. तिसऱ्या प्रश्नाला भोपू हवेत.

मला तो आनंद वाटत नाही. जरा जवळून बघा. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलेलं असतं. तोंड कानापर्यंत ताणलेलं, जीभ लांब, धाप लागलेली. शेपूट हलत असते, पण बुडाशी ताठ. स्वतःचं नाव ऐकून मान वळत नाही. गल्लीतलं परकं कुत्रं फाटकाशी आलं की तारा अगदी अशीच दिसते, तेव्हा मात्र आपण त्याला आनंद म्हणत नाही. अंगात दोन्ही वेळा तेच चाललेलं असतं. ॲड्रेनलिन सुटलेलं, काळीज धडधडतंय, स्नायू पळायला तयार. या अवस्थेत दाराबाहेर पडलेल्या कुत्र्याला कोपऱ्यावर गाय दिसो, स्कूटर दिसो की दुसरं कुत्रं, ते त्याच वेगात तिकडे जाणार. लोक तक्रार करतात की रस्त्यावर फार ओढतो. ओढायला तो घरातच लागलेला असतो. रस्त्यावर फक्त दोरी ताणलेली दिसते.

आणि हे चढतं क्षणात, उतरायला मात्र वेळ घेतं. ॲड्रेनलिन त्या मानाने लवकर ओसरतं, त्याच्या मागून येणारं कॉर्टिसॉल, हेही ताणाचंच संप्रेरक, बराच वेळ रेंगाळतं. दूध वर आल्यावर फुंकरा मारण्यात अर्थ नसतो, गॅस आधीच बारीक करायचा असतो. दारात उभं राहून "शांत हो, शांत हो" ओरडणं म्हणजे त्या फुंकरा. प्रश्न एवढाच की गॅस पेटतो कधी.

पट्टा हातात घेतल्यावर, असं सगळ्यांना वाटतं. एका सुट्टीच्या दिवशी मी दुपारपासून नुसती बघत बसले. आईचा चहा होतो, कपबशी सिंकमध्ये जाते, तेव्हा दोघं झोपलेले. मी लॅपटॉप मिटला की ताराचा कान वळतो. मी जवळचा चष्मा काढून लांबचा लावला की ती उठून बसते. केसांना क्लिप लावली की भोपू उठतो. मोज्यांचा कप्पा उघडला की दोघं खोलीभर फिरायला लागतात, कुंई कुंई सुरू होते. पट्ट्याच्या हुकाची खणखण होईपर्यंत अर्धा तास उलटलेला असतो आणि त्या अर्ध्या तासात प्रत्येक पायरीवर ते थोडे थोडे वर चढलेले असतात. पट्टा ही शेवटची पायरी.

सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान पावलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनसंस्थेवर काम करत होता. १९०४ सालचं नोबेल त्याला त्या पचनाच्या कामासाठीच मिळालं. लाळ मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटते. पुढे त्याने पद्धतशीर प्रयोग केले आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत त्यातली घंटा तेवढी पोचली. मला ती सुरुवातीची चाहूल जास्त मोलाची वाटते. आमच्या घरात घंटा कुणी वाजवत नाही. चष्मा बदलतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे या खुणांमधली जान काढून घेणं. लांबचा चष्मा लावायचा आणि पुन्हा लॅपटॉप उघडायचा. मोजे-बूट चढवून भाजी निवडायला बसायचं. पट्टा खुंटीवरून काढायचा, टेबलावर ठेवायचा, पेपर वाचायचा, पट्टा परत खुंटीला. कुठेही जायचं नाही आणि कुत्र्यांशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. समोरच्या वहिनी एकदा वाटी परत द्यायला आल्या तेव्हा मी पायात स्पोर्ट्‌स शूज, गळ्यात कुत्र्याचा पट्टा अशा अवतारात स्वयंपाकघरात बसले होते.

"निघालात वाटतं?"

"नाही, लसूण सोलतेय."

त्यांनी आईकडे बघितलं. आईने खांदे उडवले. पायाशी तारा बसली होती, डोळे माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर. दहाएक पाकळ्या सोलून होईपर्यंत तिने हनुवटी जमिनीला टेकवली होती. भोपूने तर लसणाचा वास घेऊन केव्हाच पाठ फिरवली होती.

हे काम कंटाळवाणं आहे आणि कंटाळवाणं असणं हाच त्याचा गुण. पट्टा निघाला म्हणजे काहीही होऊ शकतं, बहुतेक वेळा काहीच होत नाही, हे कुत्र्याला कळायला हवं. मधूनच एखाद्या वेळी, दोघं पसरलेले असताना, गाजावाजा न करता उठायचं, हूक बोटात दाबून धरायचं म्हणजे वाजत नाही, आणि खरंच बाहेर जायचं. अमेरिकेतल्या पशुवैद्य आणि प्राण्यांच्या वर्तनाच्या तज्ज्ञ डॉ. कॅरन ओव्हरॉल यांनी याच धाटणीचा एक सविस्तर क्रम बसवला आहे. कुत्र्याने एका जागी निवांत राहायचं आणि माणसाने त्याच्यासमोर क्रमाक्रमाने चमत्कारिक गोष्टी करत जायच्या: एक पाऊल मागे, टाळी, उड्या, दाराआड जाणं, बेल वाजवणं. निवांत राहिलं की खाऊ. आमच्याकडे त्या जागेसाठी जुनी घोंगडी आहे, घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली. घोंगडीवर असताना जगाचं काही देणं लागत नाही, एवढं भोपूला पक्कं समजलंय. माणसांसाठीही एक घ्यावी म्हणते.

खाऊबद्दल सांगायलाच हवं, कारण तो परीक्षाही आहे. कुत्रं भानावर आहे की नाही हे ओळखायची सोपी रीत म्हणजे नाकासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा. लॅब्रॅडॉरने चिकन नाकारलं तर समजा स्वारी या जगात नाही. लॅब्रॅडॉरची भूक ही नुसती दंतकथा नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना या जातीतल्या साधारण दर चौथ्या कुत्र्यात एका जनुकाचा छोटासा भाग गायब असलेला सापडला. तो नसला की पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. भोपूची तपासणी मी केलेली नाही, गरजच वाटली नाही. पण दंगा ऐन भरात असताना तोही चिकनकडे बघत नसे. म्हणजे त्या क्षणी त्याला काही शिकवायला जाणं व्यर्थ. आधी खाली आणायचं, मग शिकवायचं.

आता खाऊ म्हणून काय द्यायचं, तर नाशिककरांनी विशेष जपावं अशी गंमत आहे. या जिल्ह्याची शान असलेल्या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं, अशी मांडणी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी केली. आणि कांदा, कच्चा असो वा तळलेला, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दारावर द्राक्षांच्या पेट्या येतात, निफाडहून नाही तर दिंडोरीहून कुणीतरी पाहुणा येतो तो पेटी घेऊनच, आणि प्रेमाने "घे रे बाळा" म्हणत एक मणी खाली टाकतो. तळलेला कांदा आणि बेदाणे घातलेला चिवडा तर दोन्ही बाजूंनी वाईट. आमच्याकडे खिशात गाजराचे तुकडे असतात आणि दारासाठी राखून ठेवलेलं चिकन. तेही चिमूटभर. भरल्या पोटी उड्या मारल्या तर खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडायची भीती असते, म्हणून जेवण फिरून आल्यावर, थोड्या वेळाने.

दरवाजाचं काम वेगळं. तिथे बोलायचं नाही ही पहिली अट, आणि आमच्या घरात तीच सगळ्यात जड गेली. मी कडीला हात लावते. भोपू बसलेला, म्हणजे बूड टेकलेलं. पुढचे पंजे मात्र इंच इंच पुढे सरकताहेत. कडी सरकते, बूड उचललं जातं. कडी परत लावायची. रागावून नाही, डोळे वटारून नाही, नुसती लावायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभं राहायचं. तो माझ्याकडे बघतो, कडीकडे बघतो, परत माझ्याकडे. नाकातून एक मोठा सुस्कारा सोडतो आणि बसतो. कडी सरकते. या खेपेला दार बोटभर उघडतं. फटीतून बाहेरची हवा येते, तिच्यात संध्याकाळच्या सड्याचा आणि कोपऱ्यावरच्या भज्यांच्या कढईचा वास. नाक पुढे येतं. दार हळूच मिटतं, नाक मागे गेल्यावर. पुन्हा कॅलेंडर. आमच्या कॅलेंडरवरच्या चतुर्थ्या मला तोंडपाठ झाल्यात.

मला बूड टेकलेलं नकोच असतं खरं तर. "बस" म्हटल्यावर बसलेलं कुत्रं शांत असेलच असं नाही. मी तोंडाकडे बघते. धाप थांबून तोंड मिटलं, कान सैल होऊन बाजूला पडले, पापण्या लवल्या, की झालं. तारा त्याआधी एक भली मोठी जांभई देते. तिला झोप आलेली नसते. ताण सोडायची कुत्र्यांची ती एक रीत. मग अंग झाडते, ओली नसतानाही, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. ते झाडणं झालं की मी दार पूर्ण उघडते. कुत्र्याला दाराचं हे गणित समजायला फार वेळ लागत नाही. उड्या मारल्या की दार मिटतं, सैल पडलं की उघडतं. कुणी ओरडत नाही, कुणी ओढत नाही, दारच काय ते सांगतं.

मधला काळ मात्र वाईट जातो आणि तिथेच बहुतेक घरं हात टेकतात. आजवर उड्यांनी दार उघडत होतं. आता उघडत नाही म्हटल्यावर कुत्रं उड्या सोडत नाही, आधी दुप्पट मारून बघतं. भुंकणं वाढतं, दाराचा रंग खरवडला जातो, शेजारी विचारतात बरं आहे ना. नेमक्या त्या वेळी "जाऊ दे, आज उशीर झालाय" म्हणून दार उघडलं, तर कुत्रं एवढंच शिकतं की दाराचा भाव वाढलाय, थोडा जास्त दंगा मोजावा लागतो. सकाळी कुत्र्यांना नवरा नेतो आणि त्याची सकाळ कायम घाईची. त्यामुळे बरेच दिवस आमच्याकडे दोन राज्यं होती. सकाळी त्याच्यासमोर धिंगाणा, संध्याकाळी माझ्यासमोर सभ्यता, कुत्री तीच. तो म्हणायचा, "तुझ्याबरोबर निघताना त्यांच्यात जीवच नसतो." पुढे पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर दोघांनी त्याला एकदम ओढलं आणि ढोपर फुटलं, तेव्हापासून तोही कॅलेंडर वाचतो.

दोन कुत्री म्हणजे दुप्पट दंगा नव्हे, चौपट. भोपूची कुंई ऐकून तारा भुंकते, तारा भुंकली म्हणून भोपू उडतो, भोपूचा धक्का लागला म्हणून तारा त्याच्या मानेला तोंड घालते. म्हणून सुरुवातीला एकेकाला वेगळं शिकवावं लागतं, दुसरा आत, दार बंद. दोघांना एकत्र आणलं तेव्हा आधी निवांत होणाऱ्याचा पट्टा आधी लावायचा, हा नियम केला. कायम तारा जिंकायची. एके दिवशी भोपू घोंगडीवर आडवा पडून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघताना सापडला. ढोंगच होतं ते, पण ढोंगानेही धाप बसते.

सल्ले मात्र गल्लीत फुकट मिळतात. पहिला सल्ला: निघायच्या आधी अंगणात चेंडू फेकून दमवा. चेंडूमागे सुसाट पळालेलं कुत्रं थकतं पायांनी, डोक्याने आणखी तापतं. दुसरा: उडालं की छातीत गुडघा मारा. ३४ किलो हवेत असताना एका पायावर उभं राहायचं, हे सांगणाऱ्याने आधी करून दाखवावं. तिसरा सगळ्यात ठाम: "त्याला कळलं पाहिजे घरात बॉस कोण." ही बॉसगिरीची कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ मध्ये रुडोल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांबद्दल लिहिलं होतं. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकामुळे पुढे 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द सर्वतोमुखी झाला आणि १९९९ मध्ये त्याच मेक यांनी रानातल्या निरीक्षणांवरून लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक जोडपं आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. पण गल्लीत १९९९ अजून उजाडलेलं नाही. कोपऱ्यावरचे काका अजून गळफासाची साखळी घेऊन हिंडतात आणि त्यांचं कुत्रं अजून त्यांना ओढतं, फक्त खोकत खोकत.

साखळीवरून एक सांगते. मोठ्या जोराच्या कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्यावर ओढू देणं मला पटत नाही. श्वासनळीवर दाब येतो तो वेगळाच, पण पट्ट्याला ओढ घेताना कुत्र्याच्या डोळ्यातलाही दाब वाढतो, छातीभोवती बांधायच्या हार्नेसला तसा वाढत नाही, हे २००६ च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. आमच्याकडे छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आहे. ओढ घेतली की कुत्रं पुढे न जाता आपसूक माझ्याकडे वळतं. पाठीवर कडी असलेला हार्नेस घातला तर मोठ्या कुत्र्याला उलट सगळं अंग लावून ओढायची सोय होते.

भोपू आठ-नऊ महिन्यांचा असताना शिकलेलं सगळं एका आठवड्यात विसरला. घोंगडी विसरला, कडी विसरला, स्वतःचं नावही. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ महिन्यांच्या सुमारास, ऐन वयात येताना, ही कुत्री आपल्या माणसाने 'बस' म्हटलं तर ऐकेनाशी होतात, आणि तेच परक्याने सांगितलं तर ऐकतात, असं त्यात दिसलं. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात काय शोधलं? तूही दहावीत शेजारच्या काकूंचं ऐकायचीस." मोठ्या जाती डोक्याने मोठ्या व्हायला दीड-दोन वर्षं घेतात आणि तोवर त्यांचं शरीर मात्र पूर्ण वाढलेलं असतं. सगळी पंचाईत त्या मधल्या काळाची.

फाटकाबाहेर पडल्यावर मी लगेच चालायला लागत नाही. पहिल्या लाइटच्या खांबापाशी थांबते आणि हुंगू देते, हवं तितकं. मान खाली गेली, नाक कामाला लागलं की श्वास संथ होतो आणि राहिलीसाहिली घाईसुद्धा उतरते. गल्लीतल्या भटक्यांच्या हद्दी त्या खांबावरच लिहिलेल्या असतात, त्या वाचल्याशिवाय पुढे जाणं तारालाही मान्य नसतं. पुढे मग आनंदवलीच्या बाजूने नदीकडे, कधी गोदापार्क, सुट्टीला सोमेश्वर. उन्हाळ्यात डांबरावर तळहाताची मागची बाजू ठेवून बघायची. मला सोसवत नसेल तर त्यांनाही नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला, की नदीचा रस्ता बंद.

सध्या वेगळंच काम निघालंय. गणपतीच्या आधी शेजारच्या मैदानात ढोल पथकाची तालीम सुरू झाली, नेमकी आमच्या निघायच्या वेळी. नाशिक ढोल छातीत वाजतो, त्याला कान लागत नाहीत. भोपूला त्याचं काही नाही. तारा मात्र मोजे दिसताच घोंगडीवर जाऊन पडायला लागली. आई खूश झाली, "बघ, किती गुणी झाली." गुणी नव्हती. तोंड मिटलेलं होतं, पण ओठ आवळून. शेपूट पोटाखाली, चिकनला हुंगून तोंड फिरवलेलं. वरवर बघितलं तर हेही निवांतच दिसतं. चष्मा, क्लिप, मोजे, पट्टा या ओळीच्या शेवटी आता ढोल येऊन बसला होता, आणि ज्या खुणांनी ती पूर्वी नाचायची त्याच खुणांनी गोठायला लागली होती.

तेव्हा पुन्हा लसूण. फिरायची वेळ पाऊण तास अलीकडे ओढली, तालीम सुरू व्हायच्या आत परत. आणि जेवणाच्या वेळी मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग, आधी इतकं बारीक की मलाच कान लावावा लागायचा, मग हळूहळू मोठं. तिने ताटलीतून तोंड काढलं की आवाज परत खाली. ढोल आता तिला चालतो. ताशाला मात्र अजून कान मागे पाडते. आमच्याकडे ताशाचं नीट रेकॉर्डिंग नाही, म्हणून पथकातल्या एका मुलाला मागितलं. कशाला हवंय तेही सांगितलं. तो म्हणाला, "पाठवतो ताई, पण मोठ्या स्पीकरवर लावा हं. बारीक आवाजात मजा नाही येत."